दुचाकीची सीट धुऊनही पुन्हा चिकट, पांढरट किंवा ओली होते? सोलापूरच्या उन्हातल्या रेक्झिनसाठी काही उपाय

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. सीट धुतली, वाळली, एक-दोन दिवस छान दिसली आणि मग भर दुपारी बसल्यावर पुन्हा पँट चिकटायला लागली. कुणाची काळी सीट वाळली की राखाडी, पांढरट पट्ट्यांची दिसते. कुणाची सीट पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी वरून खडखडीत कोरडी आणि आतून ओली असते. ऑफिसात पोचेपर्यंत पँटवर मागे मोठा ओला डाग. मग माणूस पुन्हा धुतो, पुन्हा पॉलिश मारतो, आणि आठवड्याभरात गाडी मूळपदावर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक चिकट सीटा मळामुळे चिकट होत नाहीत. त्यांच्यावर चकाकीसाठी जे फासलं जातं, त्यामुळे होतात. डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश, खोबरेल, कुणी तर डिझेलचा बोळा. ते थर काढले, साबण नीट पुसून घेतला आणि सीटला ऊन लागू दिलं नाही, तर निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच संपतात. उरलेल्या तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. म्हणून हात लावण्याआधी आपली तक्रार नेमकी कोणती हे ओळखायला हवं.

सीटवर काय असतं

आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते पीव्हीसी असतं. नळाचे पाइप होतात तेच प्लास्टिक. मुळात ते कडक. त्याला मऊ करण्यासाठी तेलासारखा एक द्रव मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ रेक्झिनमध्ये त्याचं प्रमाण भरपूर असतं. हा द्रव प्लास्टिकशी पक्का जोडलेला नसतो, फक्त त्यात मुरलेला असतो. उष्णता वाढली की तो हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतो. पेट्रोल, थिनर, रॉकेल लागलं की त्यांच्याबरोबर बाहेर ओढला जातो. तो गेला की रेक्झिन कडक होतं, आणि कडक रेक्झिनवर रोज बसलं-उठलं की तडे जातात.

या पीव्हीसीवर अगदी पातळ असा वरचा लेप असतो. सीटचा मॅट रंग, बोटाला लागणारा कोरडा स्पर्श, घासणं सहन करण्याची ताकद हे सगळं त्या लेपाचं काम. खाली विणलेलं पॉलिएस्टरचं कापड, त्याच्या खाली फोम, आणि सगळ्यात खाली प्लास्टिकचा बेस, ज्याला रेक्झिन पिना मारून ओढून बसवलेलं असतं.

आता हे सगळं आपल्या गावात आणून बघा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. ते तापमान सावलीतल्या हवेचं. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या सीटचा पृष्ठभाग ६०-७० अंशांच्या घरात पोचतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याची गाडी दुपारपर्यंत उघड्यावर, स्टेशनबाहेर लावून रेल्वेने गेलेल्याची गाडी संध्याकाळपर्यंत उघड्यावर. असा एक उन्हाळा सीटला जेवढा म्हातारा करतो, तेवढे एरवीचे बरेच महिने करत नाहीत. त्यात आपल्या रस्त्यांवरची धूळ. ती सीटच्या बारीक दाण्यांत बसते आणि वर आपण सरकत राहिलो की पॉलिश पेपरसारखं काम करते. वरचा लेप आधी तिथेच जातो, टाकीजवळच्या अरुंद भागात आणि चालवणाऱ्याच्या मांड्या घासतात त्या कडांवर.

आधी ओळख, मग इलाज

गाडी सावलीत लावा, सीट थंड होऊ द्या. पांढरं सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून पिळा आणि सीटच्या मधल्या भागावर आठ-दहा वेळा दाबून फिरवा. फडक्यावर तपकिरी-काळपट चिकट थर आला तर तो मळ आणि जुनं पॉलिश. धुऊन निघण्यासारखं आहे. सीट साबणाने दोन-तीनदा स्वच्छ केल्यावरही प्रत्येक वेळी फडकं निव्वळ काळं होत असेल, तर तो सीटचाच रंग आहे. वरचा लेप झिजून खालचं रंगीत प्लास्टिक सुटतंय. तिथे घासणं थांबवायचं. जितकं घासाल तितकं लवकर संपेल.

दुसरी खूण पाण्याच्या थेंबाची. सीटवर चार थेंब टाका. गोल मोती होऊन पळाले तर वर तेलाचा किंवा सिलिकॉनचा थर अजून आहे. थेंब पसरून बसले तर पृष्ठभाग बऱ्यापैकी मोकळा झालाय.

तिसरी, शिवणीवर कोरडा टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा कागद ठेवून मुठीने जोरात दाबा. कागद ओला झाला तर फोममध्ये पाणी साठलंय. वरून कितीही पुसलं तरी उपयोग नाही.

आणि सीटच्या कडेचं रेक्झिन चिमटीत धरून दुमडून बघा. मऊ असेल तर जीव आहे. दुमडल्यावर पांढऱ्या रेषा उमटल्या, बारीक करकर वाटली, तर प्लास्टिसायझर बराच गेलाय. अशी सीट कोणत्याही क्रीमने पुन्हा मऊ होत नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

चिकटपणा: परत परत येणारी मुख्य तक्रार

पॉलिशचा थर एका धुण्यात जात नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. महिनोन्‌महिने चढवलेले थर आहेत. ते उतरवायला अंतर ठेवून तीन-चार वेळा हेच काम करावं लागेल. लोक पहिल्या धुण्यानंतर सीट थोडी रुक्ष दिसली की घाबरून लगेच पुन्हा पॉलिश मारतात आणि सगळी मेहनत वाया घालवतात. रुक्ष दिसू द्या. नवी सीटसुद्धा शोरूममधून येते तेव्हा मॅटच असते.

साहित्य साधं आहे. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं सौम्य लिक्विड किंवा लहान मुलांचा शाम्पू, एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा. कपड्यांची पावडर नको, ती तीव्र क्षारधर्मी असते आणि तिचे कण दाण्यांत अडकून राहतात. भांड्यांचं लिक्विड तेलकट थरावर चांगलं चालतं, पण तेही चमचाभरच, आणि नंतर जास्त वेळा पुसावं लागेल याची तयारी ठेवून. एक मऊ ब्रश, बुटाचा किंवा जुना दात घासायचा. आणि तीन-चार फडकी.

फडक्यांच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान. टेरी टॉवेलचं गाव आपलं. सेकंड मालातले पांढरे टॉवेल इथे स्वस्तात मिळतात आणि टेरीचे ते उभे धागे रेक्झिनच्या दाण्यांतला मळ जसा उचलतात तसा सपाट कापडाने उचलला जात नाही. नवा टॉवेल मात्र आधी एक-दोनदा धुऊन घ्या; नव्या टॉवेलवर कारखान्यातला मऊपणाचा हात दिलेला असतो, तो निघाल्याशिवाय तो पाणी नीट पीत नाही.

सकाळची वेळ घ्या, सीट थंड, जागा सावलीची. तापलेल्या सीटवर साबण घातला की तो मिनिटात वाळतो आणि वाळलेला साबण हाच पुढचा चिकटपणा. पहिल्यांदा ओल्या फडक्याने धूळ उचलून घ्या, घासू नका. मग साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून, झटकून, एका वेळी सीटचा चतकोर भाग गोल गोल फिरवत हलक्या हाताने घासा. फेस काळपट झाला की तो वाळायच्या आत ओल्या फडक्याने उचला. फडकं प्रत्येक वेळी स्वच्छ पाण्यात पिळा. पाणी गढूळ झालं की बदला. चारही भाग झाले की साध्या पाण्याच्या फडक्याने संपूर्ण सीट निदान तीनदा पुसा, आणि शेवटी कोरड्या टॉवेलने.

बादली ओतायची नाही, पाइप लावायचा नाही. नळाला पाणी रोज येत नाही त्या गावात अर्धी बादली पाण्यात होणारं काम आहे हे, आणि सीटच्या शिवणींसाठीही तेच बरं.

यानंतरही हाताला चिकट लागणारे चट्टे राहिले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरता येतं, मेडिकलमध्ये मिळतं. आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला लावून बघा. फडक्यावर सीटचा रंग उतरला तर विचार सोडा. नाही उतरला तर फडक्यावर थोडंसं घेऊन चट्ट्यावरून एकदा-दोनदा पटकन फिरवा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. हे नेहमीचं साफसफाईचं साधन नाही, वरच्या लेपाला ते सोसत नाही. घरात पडून असलेलं हँड सॅनिटायझरचं जेल मात्र वापरू नका. त्यात ग्लिसरीन आणि घट्ट करणारे पदार्थ असतात, ते मागे राहतात आणि धूळ धरतात.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण, रॉकेल यांबद्दल मी अजिबात तडजोड करणार नाही. यांनी सीट त्या क्षणी चकाचक दिसते कारण वरचा लेप विरघळून फडक्यावर येतो. ब्लीचने शिवणीचा दोरा कमजोर होतो. ‘जादूचा’ म्हणून मिळणारा पांढरा स्पंजही बारीक घासकागदच आहे, डागाबरोबर लेप नेतो.

काहीच लावलं नाही तरी चिकट होते, तर?

सगळे थर उतरले, महिनाभर कसलंही पॉलिश लावलं नाही, आणि तरी दुपारच्या उन्हात सीट चिकट होते. मग सीटच्या बाजूंना हात लावून बघा, जिथे कुणी बसत नाही. तिथेही तितकाच चिकटपणा असेल, तर रेक्झिनमधून प्लास्टिसायझरच वर येतोय. स्वस्तात बसवलेल्या नव्या कव्हरमध्ये हे पहिल्याच उन्हाळ्यात दिसतं. साबणाच्या पाण्याने दर आठवड्याला पुसत राहिलं तर काहींचा चिकटपणा हळूहळू कमी होतो. उन्हाळाभर कमी झाला नाही तर कव्हर बदलणं हाच उपाय, आणि त्याच दुकानातून तेच रेक्झिन पुन्हा घेऊ नका.

एक वेगळा प्रकार हल्ली जास्त दिसतो. कव्हर पीव्हीसीचं नसून पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन या वेगळ्या प्लास्टिकचं असतं, लेदरसारखं मऊ, छान दिसणारं. पीयू दमट हवेत, घामाने आणि पाण्याने हळूहळू तुटत जातं. आधी चिकट होतं, मग वरचा पापुद्रा खपल्यांसारखा निघतो आणि खालचं कापड उघडं पडतं. खपल्या निघायला लागल्या की त्यावर पैसे घालू नका. ना साबण, ना पॉलिश, ना स्प्रे पेंट.

पांढरटपणा

याची तीन कारणं मला सारखी दिसतात.

पहिलं आपल्या पाण्याचं. सोलापूर काळ्या कातळावर वसलंय आणि बोअरचं पाणी जड, क्षारांचं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच सीटवर पातळ बसतो. काही घरांत आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचवण्याची तळमळ खरी, पण त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात. चाकांना, मडगार्डला वापरा, सीटच्या शेवटच्या पुसण्याला नको. त्यासाठी एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी उत्तम. हवेतली वाफ थंड होऊन ते तयार होतं, त्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात. उन्हाळ्यात घरात किंवा ऑफिसात एसी चालू असतो तिथे ते साठवून ठेवता येतं. बसलेले डाग काढायला पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी चार भाग. फडक्याने लावा, दोन-तीन मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा. लिंबू नको, त्यातली साखर आणि गर मागे राहतो.

दुसरं कारण न पुसलेला साबण. ओलं बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, म्हणजे तोच. पुन्हा साध्या पाण्याने पुसा, बस.

तिसरं कारण वाईट. सीट ओली असताना काळीभोर दिसते आणि वाळली की पुन्हा राखाडी, व्हिनेगरनेही फरक नाही. ते डाग नाहीत, उन्हाने वरचा लेप जळालाय. पॉलिश मारल्यावर चार दिवस काळी दिसते म्हणून लोकांना वाटतं पॉलिश हेच औषध. नाही. रंग परत येत नाही, तो फक्त ओला दिसत राहतो.

ओली सीट

पाणी शिवणीतून जातं. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे फोमकडे जाणारी वाट. प्रेशरचं पाणी तर थेट आत शिरतं. म्हणून वॉशिंग सेंटरला गाडी देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा आणि शक्य तर उभं राहून करून घ्या: सीटवर प्रेशर मारू नका, इंजिनला डिझेल मारताना सीटवर उडू देऊ नका, आणि शेवटी पॉलिश नको. तिसरी गोष्ट सांगितली की पोऱ्या चकित होतो, कारण ते फुकट असतं. तरी सांगा.

फोम भिजलाच असेल तर सीट काढा. काही गाड्यांना चावी, काहींना बाजूचे नट. उलटी करून बेसची भोकं मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. पावसात चाकाने उडालेली काळी माती इथे येऊन सिमेंटासारखी बसते. मग सीट कडेवर उभी करा, खाली जाडसर टॉवेल, शिवणीच्या बाजूने पाणी निथळेल अशी, आणि दर थोड्या वेळाने दाबत राहा. पुढे सावलीत, पंख्याखाली, एक-दोन दिवस. कडक उन्हात ठेवली तर फोमच्या आधी रेक्झिनची वाट लागते. बेसकडच्या पिना गंजल्या असतील, तपकिरी ओघळ असतील, तर पाणी बरेच दिवस आत राहतंय असं समजा. कुबट वास येत असेल तर आत बुरशी आहे आणि कव्हर उघडून फोम धुऊन-वाळवूनच तो जाईल. सीटवर गुलाबीसर डाग दिसले आणि काही केल्या निघेनात, तर तेही बहुधा आतल्या ओलीत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सोडलेला रंग असतो. तो खालून वर आलेला असल्यामुळे वरून घासून जात नाही.

बाहेरून शिवणीवर सिलिकॉन सीलंटची रेघ ओढणारे बरेच भेटतात. ते टिकत नाही, उन्हात कडा सुटतात आणि त्यात धूळ भरते. पाणी आतूनच अडवावं लागतं. कव्हर बसवताना फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये पॉलिथिनचा कागद घालायला सांगा. अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे. तोपर्यंत पावसाळ्यात गाडी उभी करताना सीटवर इलॅस्टिकची प्लास्टिक टोपी चढवा, पण ऊन पडलं की काढा. ओल आणि उष्णता दोन्ही तिच्याखाली कोंडतात.

रंगाचे डाग

रंगपंचमी, मिरवणुकीतला गुलाल, नव्या जीन्सचा निळा रंग. रेक्झिनमधला तो तेलकट द्रव रंगाला आत ओढून घेतो, आणि उष्णतेत जास्त वेगाने. म्हणून त्याच दिवशी, गाडी उन्हात उभी करण्याआधी साबणाच्या पाण्याने पुसा. गुलाल आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, ओला केला की पसरतो. रंगपंचमीच्या आदल्या रात्री सीटवर प्लास्टिकची पिशवी ओढून चिकटपट्टी मारली तर हे सगळं टळतं. फिक्या सीटवर आठवडाभर उन्हात मुरलेला निळा रंग पूर्ण निघत नाही. तो काढण्याच्या हट्टापायी लेप घालवण्यापेक्षा डाग राहिलेला परवडला.

बॉलपेनची शाई अल्कोहोलच्या बोळ्याने टिपून घ्यायची, पसरवायची नाही. पक्ष्यांची घाण ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं भिजू द्यायची, खरवडायची नाही.

तडे

एकदा तडा गेला की तो भरून येत नाही. पण वाढू न देणं हातात आहे. फेव्हिक्विक घालू नका. ते काचेसारखं कडक होतं आणि त्याच्या कडेने नवा तडा जातो. पाइप जोडायचं सोल्युशन कडक पीव्हीसीसाठी असतं, तेही तसंच. पंक्चरचं सोल्युशन रेक्झिनवर टिकत नाही. लहान चीर असेल तर मऊ व्हायनिलसाठीचा (व्हायनिल म्हणजे आपलं पीव्हीसीच) लवचीक गम आणि चिरेच्या आतून सरकवलेला कापडाचा तुकडा, एवढं कुशनवाल्याकडून करून घ्या, पावसाळ्याआधी. चीर शिवणीवर असेल तर कव्हर बदला. मृगाच्या तोंडावर हे काम काढलं तर कुशनवाले गर्दीत असतात. मे महिन्यातच जा.

सीट टिकवायची तर

सगळ्यात मोठं संरक्षण सावली. दुपारी इमारतीची सावली कुठे पडणार ते सकाळी गाडी लावतानाच बघा. सावली नसेल तर सीटवर पांढरा टेरी टॉवेल अंथरा आणि त्याची टोकं सीटखाली दाबा. अतिनील किरण अडतात, सीट कमी तापते, आणि परत आल्यावर बसता येतं. रंगीत चादरीचा तुकडा अंथरू नका, तो ओला झाला तर त्याचा रंग सीटमध्ये उतरेल. आपल्या चादरीच्या लाल-निळ्या रंगांवर माझाही जीव आहे, पण इथे पांढराच हवा.

लावायचंच असेल तर पाण्यात बनवलेलं व्हायनिल प्रोटेक्टंट घ्या, ज्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण आणि मॅट फिनिश असं स्पष्ट लिहिलंय. साधारण खूण अशी की पाण्यातलं द्रावण दुधासारखं पांढरं दिसतं. काचेसारखं स्वच्छ, तेलकट आणि रॉकेलसारख्या वासाचं असेल तर ते ठेवून द्या. स्वच्छ सीटवर, फडक्यावर घेऊन, अगदी पातळ, आणि दहा मिनिटांनी कोरड्या टॉवेलने सगळं पुसून काढायचं. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरे. पुसल्यावर तळहात सीटवरून सरकवून बघा. घसरत असेल तर अजून पुसा. चकचकीत सीटवर मागे बसलेली आई किंवा लेकरू ब्रेकबरोबर पुढे घसरतं, पदर-ओढणी सावरताना तोल जातो. केवळ या एका कारणासाठीसुद्धा सीटला टायर पॉलिश किंवा खोबरेल लावू नये असं मला कळकळीने सांगायचंय.

वरून घालायची जाळीची कव्हरं उन्हात आराम देतात हे खरं. पण धूळ जाळीतून खाली जाऊन तिथेच राहते आणि कव्हर हलेल तशी रेक्झिनवर घासली जाते. आठवड्यातून एकदा काढून झटकणार असाल तरच घाला. पावसाळ्यात काढून ठेवा.

नवं कव्हर करताना

सध्या चौकटी-चौकटी शिवलेल्या डिझाइनची हौस आहे. दिसतं सुरेख, पण बसायच्या जागेवरच शेकडो सुईची भोकं पडतात आणि पहिल्या पावसात फोम भिजतो. डिझाइन हवंच असेल तर दाबून उठवलेलं घ्या, शिवलेलं नको. शिवणी सीटच्या बाजूंना येतील असं कापायला सांगा. दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा. रेक्झिनचा तुकडा हातात घेऊन मागचं कापड बघा, विणलेलं आणि थोडं ताणणारं असावं, आणि तुकडा घट्ट दुमडून सोडल्यावर पांढरी रेघ राहू नये. वास फार उग्र, स्पर्श आधीच तेलकट असेल तर तो माल उन्हात काय करेल याचा अंदाज तिथेच येतो. काळ्याऐवजी करडा रंग घेतलात तर सीट दुपारी कमी तापेल.

फोम जुनाच ठेवणार असाल तर कव्हर चढवण्याआधी तो पूर्ण कोरडा आहे हे स्वतः दाबून बघा. आणि गंजक्या पिना सगळ्या उपटून मगच नव्या मारायला सांगा. राहिलेली एखादी पीन नव्या रेक्झिनला आतून भोक पाडते आणि ते बेसच्या कडेला, चटकन न दिसणाऱ्या जागी असतं.